मदत हवी आहे: एलसीडी शटर झटकन बंद होतं, उघडायला मात्र वेळ घेतं

६३३ नॅनोमीटरचा लेझर झोत अडवायला ट्विस्टेड निमॅटिक सेल (दोन काचांमध्ये पीळ दिलेल्या द्रव स्फटिकाच्या रेणूंचा एलसीडी सेल) वापरतोय. दोन्ही बाजूंचे पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर) काटकोनात, म्हणजे व्होल्टेज नसताना पारदर्शक, दिल्यावर काळा. मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिनांवरून ±५ व्होल्टची चौकोनी लहर देतो, १०० हर्ट्झ. डीसी अजिबात नाही, त्याने सेल खराब होतो.

फोटोडायोड लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं: बंद व्हायला साधारण २ मिलिसेकंद, उघडायला २० च्या आसपास. व्होल्टेज वाढवल्यावर फक्त बंद होणं सुधारलं. साहजिक आहे, कारण उघडताना रेणू आपल्या लवचीकतेनेच परत वळतात, तिथे व्होल्टेजचा जोर चालत नाही. सेल ४० अंशांपर्यंत गरम केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मला ५ मिलिसेकंदांच्या आत उघडणं हवंय. यांत्रिक शटर नको, कंपनाने मांडणी हलते. दोन उघडझापींत सेकंदभर अंतर चालेल, निम्मा प्रकाश वाया गेला तरी हरकत नाही.

विचार असा आहे की मागे दुसरा तसाच सेल समांतर पोलरायझरमध्ये ठेवायचा. तो व्होल्टेजने उघडेल, पहिला व्होल्टेजने बंद करेल, आणि दोघे अंधारातच सावकाश पूर्ववत होतील. पण समांतर मांडणीतला सेल व्होल्टेज नसताना लेझरसाठी पुरेसा काळा राहतो का, की सरळ पाय-सेलकडे (pi-cell, जास्त वेगाने उघडझाप करणारा वेगळ्या प्रकारचा द्रव स्फटिक सेल) वळावं?