मदत हवी आहे: बांडुंगचं पाचवं तत्त्व कुणामुळे आलं?

बारावीला राज्यशास्त्र शिकवते. एप्रिल १९५५ च्या बांडुंग परिषदेवर (इंडोनेशियात भरलेली आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद) अडले आहे. पंचशील (भारत-चीन करार, १९५४) आणि बांडुंगची दहा तत्त्वं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाचव्यात सामूहिक स्वसंरक्षणाचा हक्क मान्य, आणि सहाव्यात म्हणे असे करार बड्या राष्ट्रांच्या हितासाठी वापरू नका. मग ठरलं काय?" प्रश्न बिनतोड आहे.

मला ही तडजोड वाटते. जमलेल्या २९ देशांपैकी पाकिस्तान, थायलंड, फिलिपिन्स 'सीटो' या अमेरिकाप्रणीत लष्करी गटात होते, तुर्कस्तान तर 'नाटो'त. आणि नेहरू लष्करी गटांवर सडकून टीका करत होते. पण नुसता अंदाज वर्गात कसा सांगू? अंतिम निवेदन पूर्ण वाचलं, नेहरूंचं तिथलं भाषणही. मसुद्यावरची ओढाताण त्यांत सापडली नाही.

बेलग्रेड १९६१, अलिप्ततावाद वगैरे नको, ते शिकवून झालंय. इंग्रजी चालेल, फक्त घरबसल्या वाचता यावं. पाचव्या तत्त्वातले 'एकट्याने किंवा सामूहिकरीत्या' हे शब्द कोणत्या देशाच्या आग्रहाने आले, आणि समितीतली ती चर्चा कुठे वाचायला मिळेल?