सगळ्या वंशाचे लोक हवेत म्हणून महामारीत लसीची ट्रायल हळू करायची का?

मुक्ता_अ

सप्टेंबर 2020 मधली गोष्ट. अमेरिकेत मॉडर्नाच्या कोविड लसीची 30,000 लोकांवरची ट्रायल जोरात चालू होती आणि कंपनीच्या लक्षात आलं की नावं नोंदवणाऱ्यांत गोरेच फार आहेत, तेव्हा त्यांनी भरतीचा वेग मुद्दाम कमी केला आणि ब्लॅक, हिस्पॅनिक लोकांपर्यंत पोचायला वेळ घेतला. 22 ऑक्टोबरला भरती संपली तेव्हा साधारण 37 टक्के लोक गोरेतर होते. यावरून आमच्या मित्रमंडळींत अजूनही वाद होतो म्हणून इथे विचारतेय. माझं मत स्पष्ट आहे, त्यांनी केलं ते बरोबरच केलं. वयाचा फरक काढून टाकला तरी तिकडे ब्लॅक आणि हिस्पॅनिक लोक गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत होते. ज्यांच्या घरात आग लागलीय त्यांनाच बाहेर ठेवून पाण्याची चाचणी घ्यायची का?

आणि टस्कीगी कुणी विसरलेलं नाही. 1932 ते 1972, अलाबामात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 ब्लॅक पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला, त्यातल्या 399 जणांना तो आजार होता, 1947 च्या सुमारास पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं तरी त्यांना दिलं नाही, आजार पुढे काय करतो ते फक्त बघत बसले. त्यांच्या नातवंडांना नुसतं "लस सुरक्षित आहे" म्हणून भागेल का?

दिगंत

साफ असहमत. वंश ही माणसांनी पाडलेली वर्गवारी आहे, शरीरातली प्रतिकारशक्ती फॉर्मवर कुठल्या चौकटीत टिक केलीय ते बघून काम करत नाही. मॉडर्ना आणि फायझर दोघांच्या मोठ्या ट्रायल एकाच दिवशी सुरू झाल्या, 27 जुलैला. फायझरचा निकाल 9 नोव्हेंबरला आला, मॉडर्नाचा 16 ला. हा आठवडा याच कारणाने गेला असं मी म्हणत नाही, पण त्या दिवसांत रोज शेकड्याने माणसं जात होती आणि आपण टक्केवारी जुळवत होतो हे मला पटत नाही.

शिवाय मिळालं काय ते पण बघा. 16 नोव्हेंबरच्या त्या पहिल्या निकालात एकूण 95 जणांना कोविड झालेला होता, त्यातले 90 प्लासिबोवाले (म्हणजे लस नसलेलं खोटं इंजेक्शन घेतलेले) आणि 5 लसवाले. या 95 मध्ये ब्लॅक किती? 4. हिस्पॅनिक 12. चार केसेसवरून "ब्लॅक लोकांत लस चालते" असं कुठला संख्याशास्त्रवाला छातीठोकपणे सांगेल?

मुक्ता_अ

@दिगंत, चारचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण 4 च आले यावरून भरती कमी करायला हवी होती असं निघतं की अजून वाढवायला हवी होती? आणि फायझरचं म्हणाल तर त्यांनीही सप्टेंबरमध्येच ट्रायल 30,000 वरून 44,000 वर नेली, त्यामागे वेगवेगळ्या गटांतले लोक वाढवणं हे एक कारण त्यांनीच सांगितलं होतं.

दिगंत

तेच तर! त्यांनी माणसं वाढवली, पण गाडीला ब्रेक नाही लावला. वाढवायला माझा विरोध नाही, थांबायला आहे.

रात्रपाळी

मी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, 2020 चा पूर्ण हिवाळा कोविड वॉर्डात काढलाय, म्हणून जरा लांबलचक लिहिते. एका रात्री एक ब्लॅक आजोबा होते, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) 95. स्क्रीनवर सगळं छान. पण माणूस एका श्वासात तीन शब्द पण बोलू शकत नव्हता, मानेचे स्नायू ताणले जात होते. मी भांडून मनगटातून रक्त घेऊन एबीजी (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन थेट मोजणारी तपासणी) करायला लावली. खरं सॅच्युरेशन 86. त्या रात्री मला वाटलं मशीन बिघडलंय, दुसरं लावलं, ते पण 95.

मग डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा पेपर आला. ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात 88 च्या खाली असणं, हे ब्लॅक पेशंट्समध्ये 11.7 टक्के वेळा आणि गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के वेळा. आणि हे नवीन पण नव्हतं हो, 1990 मध्येच छापून आलं होतं. एफडीएची (अमेरिकेचं औषधं-उपकरणं तपासणारं सरकारी खातं) 2013 ची मार्गदर्शक सूचना काय होती तर ऑक्सिमीटर किमान 10 निरोगी माणसांवर तपासा, त्यात गडद त्वचेची 2 माणसं किंवा 15 टक्के, जो आकडा मोठा तो. दोन माणसं!

आता बघा, 2020 मध्ये सुरुवातीच्या आणीबाणीच्या परवानगीत रेमडेसिविर (कोविडवर दिलं जाणारं औषध) कुणाला द्यायचं ठरलं तर मुख्यतः ज्याचं सॅच्युरेशन 94 किंवा खाली. त्याच्या ट्रायलमध्ये कुणाला घ्यायचं यातही हाच आकडा होता. म्हणजे आजोबांसारखा खोटा 95 माणसाला औषधापासून पण लांब ठेवणार आणि ट्रायलपासून पण. म्हणून मला हे टक्के जुळवणं वगैरे वाटत नाही.

दिगंत

@रात्रपाळी, वाचून खरंच वाईट वाटलं, आणि मशीनच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पण तिथे अडचण वंशाची नाही, त्वचेतल्या रंगद्रव्याची आहे, प्रकाश त्यातून कसा जातो त्याची. मग त्वचेचा रंग मोजा ना, "ब्लॅक" अशी टिक कशाला? दक्षिण आशियातला गडद माणूस त्या टिकेत येतच नाही, आणि ब्लॅक म्हणवणारा एखादा बराच उजळ असतो.

रात्रपाळी

रंग मोजायला हवा हे बरोबर. पण मोजायला आधी तो माणूस खोलीत असायला हवा ना. दोन माणसांवर तपासलेल्या मशीनला तो रंग कळणार कसा.

पायवाट

सगळे अविश्वास अविश्वास म्हणतात आणि टस्कीगीवर येऊन थांबतात, मला ते थोडं सोयीचं वाटतं. मी ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर होते. जाड कन्सेंट फॉर्म, तो इंग्रजीत, भेटी आठवड्याच्या कामाच्या दिवसांत, सेंटर मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात, आणि ज्यांना आजार जास्त होत होता ते मांस कारखान्यात नाहीतर दुकानात उभ्याने काम करणारे, सुट्टी घेतली की पगार कापला. एक बाई मला म्हणाली, मला यायचंय पण साहेब दोनदा नाही सोडणार. तिला आम्ही "नकार" असं नोंदवलं. तो नकार होता का?

अविश्वास नव्हता असं नाही म्हणत. न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड आणि झेवियर या दोन ब्लॅक युनिव्हर्सिट्यांचे अध्यक्ष स्वतः फायझरच्या ट्रायलमध्ये गेले आणि विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं की तुम्हीही विचार करा, तर त्यांच्यावरच लोक तुटून पडले.

निरभ्र

तुटून पडणारच. एप्रिल 2020 मध्ये फ्रान्सच्या टीव्हीवर दोन डॉक्टर बोलत होते की क्षयाच्या बीसीजी लसीची कोविडवरची चाचणी आफ्रिकेत का करू नये, तिथे मास्क नाहीत, उपचार नाहीत. डब्ल्यूएचओचे प्रमुख टेड्रोस यांनी त्याला उघड वंशवादी म्हटलं. मला भीती हीच आहे की "प्रतिनिधित्व" या गोड शब्दाखाली पुन्हा त्याच लोकांची शरीरं वापरली जातील आणि लस आली की रांगेत ते मागे. आधी लस कुणाला मिळणार ते लेखी द्या, मग बोलवा.

पायवाट

@निरभ्र, लेखी हवं हे शंभर टक्के. पण दक्षिण आफ्रिकेचं बघा. जून 2020 मध्ये तिथे ऑक्सफर्डच्या लसीची ट्रायल सुरू झाली, सुमारे 2,000 लोक, "आम्ही गिनीपिग नाही" म्हणून निदर्शनं पण झाली. त्याच ट्रायलमुळे फेब्रुवारी 2021 मध्ये कळलं की तिथल्या बीटा व्हेरियंटच्या सौम्य-मध्यम आजारावर ती लस फारशी चालत नाही, आणि सरकारने वाटप थांबवलं. तिथे केलीच नसती तर कुणाला कळलं असतं?

दिगंत

तो व्हेरियंटचा प्रश्न, वंशाचा नाही. तिथले गोरेही तितकेच उघडे पडले असते. जिथे साथ आहे तिथे ट्रायल करा, हे मला कधीही मान्य.

मुक्ता_अ, एक सरळ विचारतो. मॉडर्नाला यासाठी काही आठवड्यांऐवजी तीन महिने लागले असते तर?

मुक्ता_अ

तर मी थांबा म्हटलं नसतं. तीन महिन्यांत तेच लोक सगळ्यात जास्त मेले असते, ज्यांच्यासाठी आपण थांबलो. दोन-तीन आठवडे मात्र मी थांबले असते, आणि पायवाटने सांगितलेल्या बाईंसाठी संध्याकाळी सेंटर उघडं ठेवलं असतं.

दिगंत

म्हणजे आपला वाद किती आठवडे एवढाच उरला. माझं उत्तर अजूनही शून्य. संध्याकाळचं सेंटर मात्र पहिल्या दिवसापासून, आणि त्याचे पैसे कंपनीने द्यायचे.