धडगावच्या नाल्यातला हिरवा लेप: तांबं म्हणायचं का?

तोरणमाळवाट:
राम राम मंडळी. धडगावकडच्या एका नाल्यात पूर्व-पश्चिम डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) उघडा पडलाय. त्याला लागून असलेल्या मांजऱ्या दगडाच्या भोकांत निळसर हिरवा लेप आहे, नखाने खरवडतो. ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसलं. तांब्याचं खनिज समजायचं का? आणि अरवलीत तांबं, शिसं, जस्त सापडतं, मग आपल्या सातपुड्यात का नाही? डोंगररांग तीही आणि हीही.

काळा पाषाण:
भाऊ, तो बहुतेक सेलाडोनाइट. पोटॅश-लोहाचं सिलिकेट, तांब्याशी नातं नाही. फसफसलं ते शेजारचं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. गंमत अशी की तांब्याचं मॅलेकाइटही फसफसतं, म्हणून नुसत्या थेंबावर भरवसा नको.

हिरवी पूड वेगळी खरवडून 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाका (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही). पॉलिश पेपरने घासलेला साधा लोखंडी खिळा त्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. तांबं असेल तर लालसर थर चढतो. गॅल्व्हनाइज्ड खिळ्यावर नुसता काळा गाळ धरतो, काही कळत नाही. ॲसिड कडक झालं तर खिळ्यालाच बुडबुडे सुटतात आणि थर टिकत नाही.

तापीकाठ:
दुसऱ्या प्रश्नाचं. डोंगर कशाचा आहे ते बघा, उंची नको. अरवलीचे जुने खडक दाबाखाली घड्या पडून चिरडलेत. खोलातलं गरम खारट पाणी धातू घेऊन त्या चिरांतून फिरतं आणि पुढे रासायनिक अडसर भेटला की धातू तिथेच गंधकाबरोबर बसतो. राजस्थानातल्या झावरला शिसं-जस्त डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडात आहे, रामपुरा आगुचाला ग्राफाइटवाल्या शिस्ट या पापुद्र्याच्या दगडात.

आपला सातपुडा म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे जवळजवळ आडवे थर, भ्रंशांलगत उचललेले. वाटा आहेत, नंदुरबार-धुळ्यात डाइक काय कमी आहेत? पण गंधक नाही. सायबेरियातल्या नोरिल्स्कलाही ट्रॅपच (असेच लाव्ह्याचे थर), तरी तिथे निकेल-तांब्याचा मोठा साठा आहे, कारण वर येताना शिलारसाने जिप्सम जातीच्या थरांतलं गंधक ओढून घेतलं. 'डाइक आहे म्हणजे धातू असणारच' हे मला तरी पटत नाही.

सातपुड्याच्याच पूर्व टोकाला, बालाघाटच्या मलाजखंडला तांबं आहे, पण ते सुमारे 250 कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटमधल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) दगडात. बैतुललाही जस्त-तांबं ट्रॅपच्या आधीच्या खडकात. आपल्याकडे तसं काही असलंच तर लाव्ह्याखाली गाडलेलं.

तोरणमाळवाट:
समजलं. नाल्याच्या गाळाचं सॅम्पल लॅबला दिलं तर?

काळा पाषाण:
द्या, पण 150 पीपीएम आलं म्हणून हुरळू नका. आपल्या काळ्या दगडात मुळातच 100-200 पीपीएम तांबं असतं, म्हणजे टनाला शे-दोनशे ग्रॅम. 1 टक्क्याच्या खनिजात टनाला 10 किलो. गाळ 80 मेशच्या बारीक चाळणीतून खाली पडलेला घ्या, आणि वरच्या अंगाला केळीची बाग असेल तर सोडून द्या, फवारणीचं मोरचूद त्यात उतरतं.