कार स्टिरिओची वॉलपेपर फाईल, चेकसम (फाईल बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, जुन्या गाडीतल्या स्टिरिओवर पोरीचा फोटो बॅकग्राउंडला टाकायचाय, पण फोटो कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर आता कुठेच मिळत नाही म्हणून सीडीवरच्या 3 तयार फायली हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे कच्चे बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसलोय. स्क्रीन 480×240, फाईल 2,30,432 बाइट, म्हणजे पिक्सेलला 2 बाइट धरले तर वरचे 32 बाइट हेडर (फाईलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) असणार. आरजीबी565 (एका पिक्सेलचा रंग 2 बाइटांत लिहायची पद्धत) म्हणून उघडलं तर समुद्र ओळखू आला पण रंग बघवेनात 😅 प्रत्येक जोडीतले बाइट उलटे केल्यावर जमलं. आता माझी फाईल स्टिरिओ घेतच नाही. हेडरचे शेवटचे 4 बाइट तिन्हीत वेगळे आहेत, सीआरसी32 (4 बाइटांचा एक चेकसम) वाटतं, पण नुसत्या पिक्सेलवर काढलं तर जुळत नाही. ते 4 बाइट शून्य धरून हेडरसकट काढायचं का? कोणी केलंय का असं काही?