मदत हवी आहे: 8-अ च्या यादीतून स्तरित नमुना काढला तर मोठे शेतकरी दोनच येतात

कांदेपोहे

नमस्कार मंडळी. विषय पीएचडीचा: ठिबक सिंचनाचा वापर आणि जमीनधारणा. एका तालुक्यातली 12 गावं घेतली आहेत. गावनमुना 8-अ (गावातल्या प्रत्येक खात्यावर किती जमीन आहे ती नोंद) च्या याद्या एकत्र केल्यावर 4800 खाती झाली. कृषी गणनेतले पाच गट हेच स्तर धरलेत, म्हणजे प्रत्येकातून वेगळी निवड:

1 हेक्टरपेक्षा कमी: 2880
1 ते 2 हेक्टर: 1248
2 ते 4 हेक्टर: 480
4 ते 10 हेक्टर: 168
10 हेक्टरच्या वर: 24

नमुना किती मोठा हवा ते सांगणाऱ्या यामानेच्या सूत्रात 5 टक्के त्रुटी धरली की नमुना 370 चा येतो. तो प्रमाणात वाटला तर 222, 96, 37, 13 आणि 2. गाईड म्हणतात गटागटांत तुलना हवीच. दोन शेतकऱ्यांवरून तुलना कशी करायची? सगळ्या स्तरांतून सरसकट 74 घ्यावेत म्हटलं, तर शेवटच्यात मुळात 24 च आहेत. शिवाय गावानुसारही स्तर पाडायचे का?

उभाआडवा

370 हा आकडा बरोबर आहे, पण तो 12 ही गावांच्या मिळून एका टक्केवारीसाठी आहे. 'एकूण किती टक्के खातेदार ठिबक वापरतात' याचं उत्तर ± 5 मध्ये मिळेल, एवढीच त्याची हमी. प्रत्येक स्तराला ती हमी लागू होत नाही. 480 मधून 37 घेतले तर त्या स्तरातली त्रुटी साधारण ± 15 वर जाते. वरचे दोन स्तर एकत्र करून 192 मधून 15 घेतले तर ± 24. म्हणजे 'मोठ्या शेतकऱ्यांत 50 टक्के' याचा अर्थ 26 ते 74 मधलं काहीही.

तुलना हाच मुख्य उद्देश असेल तर प्रमाणशीर वाटणी सोडा. 4 हेक्टरच्या वरचे दोन्ही स्तर एक करा आणि 150, 90, 70, 60 असे घ्या. बेरीज 370 च राहते आणि वरच्या दोन्ही स्तरांत त्रुटी ± 11 च्या आत येते.

मात्र एकूण आकडा काढताना भार लावावाच लागेल. स्तरातली एकूण खाती भागिले निवडलेली खाती हा तो भार: 19.2, 13.87, 6.86 आणि 3.2. न लावल्यास काय होतं, ते नुसत्या उदाहरणादाखल बघा. समजा ठिबकवाले अनुक्रमे 20, 30, 50 आणि 70 टक्के निघाले. नमुन्यात ते 30 + 27 + 35 + 42 = 134 जण, म्हणून 370 पैकी 36.2 टक्के. भार लावून येतात 27.6 टक्के. साडेआठ टक्क्यांचा हा फरक शेतात कुठेच नाही, तो मोठ्यांना मुद्दाम जास्त घेतल्यामुळे आला. प्रबंधात सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

याची किंमतही मोजावी लागते. असमान भारांमुळे एकूण आकड्यापुरता 370 चा नमुना जेमतेम 300 चं काम करतो. गाईडना हे आधीच सांगून ठेवा.

बांधकोर

वरचे दोन स्तर एकत्र करण्याआधी एक विचारतो. मोजायचं काय आहे, 'किती खातेदार' की 'किती क्षेत्र'? खातेदारांची टक्केवारी हवी असेल तर उभाआडवा म्हणतात ते ठीक. ठिबकखालचं क्षेत्र हवं असेल तर ते 24 च्या 24 घ्या आणि त्यांचा भार 1 ठेवा. एकेकाकडे दहा हेक्टरच्या वर जमीन. त्यातले दोन-चार सुटले की एकूण क्षेत्राचा अंदाज कुठल्या कुठे जातो.

संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी 1934 मध्ये मांडलेल्या वाटणीचा गाभा हाच: स्तर जेवढा मोठा आणि आत जेवढी विविधता जास्त, तेवढा नमुना जास्त. हो-नाही प्रश्नात तिचा फारसा उपयोग नाही. 20 टक्क्यांचं प्रमाण विचलन (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) 0.40, 50 चं 0.50, वाटणी जवळपास प्रमाणशीरच येते. क्षेत्र, उत्पन्न, खर्च अशा आकड्यांत मात्र ती खरी कामाला येते. स्तरातलं विचलन आधी कुठून आणायचं, हा प्रश्न नेमन यांचे विद्यार्थी पां. वा. सुखात्मे यांनी 1935 मध्येच हाताळला होता. तुमच्यापुरतं उत्तर सोपं आहे: प्रत्येक स्तरातून 25-30 जणांची पूर्वचाचणी करा आणि विचलन त्यातून घ्या.

आता यादी. माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. 8-अ मध्ये खातं दिसतं, शेतकरी नाही. एकाच माणसाचं तीन गावांत 0.90 हेक्टर असेल तर तो तीनदा 'अत्यल्पभूधारक' म्हणून येतो, प्रत्यक्षात त्याच्याकडे 2.70 हेक्टर आहे. उलट पाच भावांचं सामाईक खातं 6 हेक्टरचं दिसतं आणि वाटणी तोंडी कधीच झालेली असते. मयत खातेदाराची वारसनोंद राहिलेली असते. म्हणून निवडीआधी 12 ही गावांची यादी पूर्ण नावानं लावून दुबार खाती जोडा, क्षेत्राची बेरीज करा आणि मगच स्तर पाडा. 4800 चा आकडा खाली येईल, येऊ द्या.

एककही तपासा. 8-अ वर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, माणसं सांगतात एकर-गुंठ्यांत. 1 एकर म्हणजे 0.405 हेक्टर. हद्दही आधी ठरवा: 1.00 ते 1.99, मग 2.00 ते 3.99. नाहीतर नेमके 2.00 हेक्टरवाले दोन्हीकडे मोजले जातात.

कांदेपोहे

दोघांचेही आभार. मोजायचे आहेत खातेदारच, तेव्हा चार स्तर करते. दुबार खाती जोडल्यावर आकडे पुन्हा मांडेन. दोन शंका. एक्सेलमध्ये निवड नेमकी कशी करायची? आणि यादीत 0.80 हेक्टर असलेला माणूस प्रत्यक्षात 3 हेक्टरवाला निघाला तर त्याला कुठल्या स्तरात टाकायचं?

उभाआडवा

गावाचं आधी सांगतो: 12 गावं × 4 स्तर म्हणजे 48 कप्पे, वरच्या दोन स्तरांच्या कप्प्यांत सरासरी पाच-सहाच जण येतील. गावानुसार स्तर नकोत. प्रत्येक स्तराची यादी गावानुसार लावा आणि ठरावीक अंतरानं निवडा. पहिल्या स्तरात अंतर 2880 / 150 = 19.2. सुरुवात 0 ते 19.2 मधल्या यादृच्छिक आकड्यानं करा. समजा 7.4 आला: 7.4, 26.6, 45.8... प्रत्येक वेळी पुढचा पूर्णांक घ्या, म्हणजे 8, 27, 46 क्रमांकाची खाती. सगळी गावं आपोआप आपापल्या प्रमाणात येतात. 19.2 चं 19 करू नका, यादीच्या शेवटचे राहून जातात.

साधी यादृच्छिक निवडच करायची असेल तर प्रत्येक ओळीसमोर यादृच्छिक आकडा देणारं रँडचं (RAND) सूत्र टाका, लगेच तो रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा, मग आधी स्तर आणि नंतर त्या आकड्यानुसार सॉर्ट करा. व्हॅल्यूज केल्या नाहीत तर पत्रकात काहीही बदललं की आकडे नव्यानं पडतात आणि निवड पुन्हा दाखवता येत नाही. सॉर्ट करताना अख्खा तक्ता निवडा. एकच रकाना सॉर्ट झाला की नाव एकाचं, क्षेत्र दुसऱ्याचं, आणि ते लक्षातही येत नाही. ती फाईल तारीख घालून वेगळी ठेवा.

तो 3 हेक्टरवाला: भार ज्या स्तरातून निवडला त्याचाच, 19.2. विश्लेषणात गट मात्र खरा, 2 ते 4 हेक्टर. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. भार बदलला तर निवडीची संभाव्यताच खोटी ठरते.

बांधकोर

राहिलेला मुद्दा न भेटणाऱ्यांचा. प्रत्येक स्तरात सुमारे 20 टक्के राखीव नावं त्याच सोडतीत, क्रमानं काढून ठेवा (30, 18, 14, 12). तीन वेगवेगळ्या वेळी जाऊनही भेट झाली नाही, तरच त्याच स्तरातलं पुढचं राखीव नाव घ्या आणि कारण लिहा: स्थलांतर, नकार, मयत. चावडीवर बसलेल्यांतून '4 हेक्टरवाले 60 झाले, पुरे' असं केलंत तर तो कोटा नमुना होतो. मग प्रबंधात स्तरित यादृच्छिक लिहिता येणार नाही आणि त्रुटीचं सूत्रही लावता येणार नाही.

नकार एकाच स्तरात जास्त येत असतील तर राखीव नावांनी संख्या भरते, पूर्वग्रह तसाच राहतो. म्हणून प्रत्येक स्तराचं प्रतिसादाचं प्रमाण तक्त्यात द्या.

कांदेपोहे

12 पैकी दोन गावांच्या याद्या जोडून झाल्या: 790 खात्यांचे 702 खातेदार उरले. बाकीची दहा झाली की नवा तक्ता इथेच टाकते.