मेल सर्व्हरवर येणाऱ्या काही मेल गायब, पाठवणाऱ्याला बाउन्सही (मेल पोचली नाही असा निरोप) नाही, कुठे बघू?

प्रेसवाला: नमस्कार मंडळी, आमच्या ऑफसेट प्रेसचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), 2 जीबी रॅम, 40 जीबी डिस्क, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डव्हकॉट आणि व्हायरससाठी क्लॅमएव्ही. काही दिवसांपासून गिऱ्हाईक फोन करून सांगतात की मेल टाकलीय, आणि इथे काहीच नाही. काही मेल दुसऱ्या दिवशी येतात, काही अजून आल्याच नाहीत. स्पॅम फोल्डर बघितलं, एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायची ती नोंद) ठीक आहे. मोठ्या फाइल येतात म्हणून साइझ लिमिट 200 एमबी केलंय, पण अडकतायत त्यात दोन ओळींच्या मेलपण आहेत. लग्नसराई चालू आहे, प्रूफ ओके झाल्याची मेल नाही आली तर मशीन थांबतं. सर्व्हर नवीनच घ्यावा का?

लॉगवाचक: घाई करू नका, बहुतेक मेल हरवलेल्या नाहीयेत, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर वाट बघत पडल्यात. पोस्टफिक्सचा नियम असा की क्यू (मेलची रांग) डिस्कच्या ज्या पार्टिशनवर आहे तिथे मेसेज साइझ लिमिटच्या दीडपट जागा मोकळी नसेल तर तो मेल घेतच नाही, मग ती मेल केवढीही असो. म्हणजे तुमच्याकडे 300 एमबीच्या खाली गेलं की दोन ओळींची मेलपण 452 हा ‘जागा नाही’चा कोड देऊन परत. मेल लॉगमध्ये 452 शोधा, त्याच्या आसपास ‘नॉट इनफ फ्री स्पेस इन मेल क्यू’ अशी वॉर्निंग पण असेल. 4 ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘नंतर ये’, म्हणून समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स असेल तर डिफॉल्टने 5 दिवस, आणि उशीर होतोय हे तो पाठवणाऱ्याला आपणहून कळवत नाही. बाउन्स का नाही याचं उत्तर तेच. डीएफ -एच (मोकळी जागा) बघा, डीएफ -आय पण बघा, जागा असून आयनोड (फाइलच्या नोंदी) संपले तरी फाइल लिहिता येत नाही.

सह्याद्री_अ‍ॅडमिन: डिस्कबरोबर रॅमपण बघा हो. क्लॅमएव्ही एकटाच 1 जीबीच्या वर खातो आणि व्हायरस ओळखायच्या सह्या (सिग्नेचर) अपडेट झाल्या की नवी प्रत लोड होईपर्यंत जुनीपण मेमरीत असते, 2 जीबीच्या मशीनवर तेवढ्यात कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याला मारून टाकतो, मग स्कॅन होत नाही म्हणून मेल परत 4xx. कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर क्लॅमडीच्या (क्लॅमएव्हीचा सतत चालू असणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये कॉनकरंट डेटाबेस रीलोड ‘नो’ करा आणि थोडा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्या. रीलोड चालू असताना स्कॅन थोडं थांबेल, पण चालतं.

प्रेसवाला: सापडलं! 452 च्या ओळीच ओळी, सगळ्या रात्रीच्या. बॅकअपची टार फाइल व्हारमध्येच, म्हणजे क्यू आहे तिथेच बनते आणि दुसरीकडे कॉपी होऊन डिलीट होईपर्यंत डिस्क गच्च. आउट ऑफ मेमरी पण एकदोनदा आहे, तो बदल केलाय. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलवतो, लिमिट 50 करतो, मोठ्या फाइलला लिंक पाठवा म्हणून सांगतो. पण ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय?

लॉगवाचक: आता जागा झालीय तर ज्यांची मुदत संपली नाही त्या आपोआप येतील. मात्र वेबसाइटचा फॉर्म एखादी स्क्रिप्ट थेट तुमच्या सर्व्हरला पाठवत असेल आणि तिला क्यू नसेल तर ती मेल खरंच गेली, तसंच ओटीपी उशिरा येऊन उपयोग नाही. 452 च्या ओळीत समोरच्या सर्व्हरचं नाव आणि आयपी असतो, त्यावरून गिऱ्हाईक ओळखा आणि सरळ फोन करा, प्रूफवाल्यांना आधी. आणि मेलक्यू (तुमच्या सर्व्हरची रांग) पण बघून घ्या, 250 (म्हणजे ‘घेतली’) देऊन घेतलेली पण मेलबॉक्समध्ये न पोचलेली मेल तिथे पडलेली असते, ती पोस्टक्यू -एफ ने ढकलता येते. क्यूच्या फोल्डरमधून हाताने काही डिलीट करू नका, ती मेल घेतल्याचं तुमच्या सर्व्हरने कबूल केलंय, समोरचा ती पुन्हा पाठवणार नाही.