एकच पाणी, एकच स्वयंपाक, मग रक्तातलं शिसं वेगवेगळं कसं?

बाटलीतलं_पाणी:
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगचे पाइप जुने, शिशाचे जोड असलेले निघाले म्हणून घरातल्या तिघांचं रक्त तपासलं. नवऱ्याचं शिसं सगळ्यात कमी, माझं त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि लेकीचं (वय ४) माझ्याहूनही जास्त. पाणी तेच, एकाच कुकरमधला भात, एकच भाजी. लेकीचं एक वेळ समजू शकते, लहान आहे, पण आम्हा दोघांत एवढा फरक का? डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शिशाचं काही बोलायच्या आधी विचारलं, हिमोग्लोबिन किती असतं? माझं कायम ९ च्या आसपास. मग त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करायला सांगितलं, बाहेर रांग होती त्यामुळे पुढचं काही विचारताच आलं नाही. तर लोहाचा आणि शिशाचा काय संबंध? आणि खाण्यापिण्यामुळे विष कमी-जास्त बाधतं हे खरं आहे की व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान? जाऊबाईंनी लगेच तीन दिवसांच्या डिटॉक्स ज्यूसची लिंक पाठवलीये म्हणून विचारतेय. (पाइप बदलायचं काम सुरू आहे, पिण्याचं पाणी सध्या बाहेरून आणतोय, त्यामुळे "आधी पाइप बदला" हा सल्ला नको प्लीज.)

रसायनी_माणूस:
संबंध आहे आणि चांगलाच जवळचा आहे. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

आतड्याच्या पेशींवर लोह आत घ्यायला एक दरवाजा असतो, डीएमटी-१ नावाचं प्रोटीन. शरीरात लोह कमी पडलं की शरीर हे दरवाजे वाढवतं, म्हणजे जेवणातून येईल तेवढं लोह ओढून घ्यायचं. गोची अशी की हा दरवाजा काही फार चोखंदळ नाही, कॅडमियम (शिशासारखाच एक विषारी धातू) त्यातून आरामात घुसतं आणि शिसंही घुसतं (शिशाला आणखीही वाटा आहेत). म्हणजे भुकेल्या आतड्याने लोहासाठी दार उघडलं आणि पाहुणा भलताच आला. ज्याचा लोहाचा साठा भरलेला आहे त्याच्या आतड्यात त्याच पाण्यातलं शिसं बरंचसं तसंच पुढे निघून जातं. तुमच्या घरात हेच झालं असणार.

कॅल्शियमचंही तसंच. शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेतं. आहारात कॅल्शियम कमी तर शिसं जास्त शोषलं जातं, मग ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं, दशकं म्हटलं तरी चालेल, राहतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्याबरोबर जुनं शिसंही रक्तात येतं, त्यामुळे बायकांचा हिशोब आणखी वेगळा होतो.

जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचं कॅडमियम जायचं, तेच पाणी भातशेतीला, तोच भात घरातले सगळे खायचे. पण हाडं मोडण्याइतका आजार मुख्यतः कोणाला झाला, तर बऱ्याच बाळंतपणांतून गेलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना. त्या आजाराचं नावच "इताई-इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". १९६८ मध्ये तिथल्या सरकारने तो कॅडमियममुळे होतो हे मान्य केलं. तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या मला तेच आठवलं.

उंबरठा:
वरच्या प्रतिसादाला +१. एक राहिलं, पोट रिकामं होतं का? मोठ्या माणसात जेवणाबरोबर पोटात गेलेलं शिसं थोडंसंच शोषलं जातं, पण तेच उपाशीपोटी गेलं तर निम्म्याहून जास्त आत जाऊ शकतं. लहान मुलं तर एरवीही मोठ्यांच्या कितीतरी पट शोषून घेतात, म्हणून लेकीचा आकडा वर. आणि रात्रभर पाइपात तुंबून राहिलेल्या पहाटेच्या पहिल्या पाण्यात शिसं सगळ्यात जास्त असतं. तर सकाळी उठून नळाचं पाणी कोण पितं तुमच्याकडे?

बाटलीतलं_पाणी:
अरे देवा. मीच. गेली कित्येक वर्षं उठल्यावर दोन ग्लास, पोट साफ राहतं म्हणून, आणि वर लेकीलाही तीच सवय लावलीये. नवरा नाश्ता झाल्याशिवाय पाण्याला शिवत नाही, त्यावरून मी त्याला किती बोलले असेन!

शंकासुर:
सगळं ठीक, पण यावरून "चांगलंचुंगलं खा म्हणजे विष पचतं" असा अर्थ कोणी काढू नका. प्रत्येक विषाचं गणित निराळं, कधी कधी उलटंसुद्धा असतं. शेंगदाण्या-मक्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन घ्या. माधवन आणि गोपालन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले होते. कमी प्रोटीन खाणाऱ्या उंदरांच्या लिव्हरला लगेचची इजा जास्त झाली, म्हणजे आपल्याला वाटतं तसंच. पण लांब पल्ल्याच्या प्रयोगात कॅन्सर मात्र भरपूर प्रोटीन खाणाऱ्यांना जास्त! कारण अफ्लाटॉक्सिन आहे तसं कॅन्सर करत नाही, लिव्हरमधली एन्झाइम्स त्याचं रूप बदलतात तेव्हा ते डीएनएला चिकटतं, आणि प्रोटीन कमी पडलं की ही एन्झाइम्सही मंदावतात. आता यावरून माणसांनी प्रोटीन सोडावं असं मुळीच नाही, उंदीर तो उंदीर. पण "पौष्टिक म्हणजे प्रत्येक विषावर उतारा" हेही खरं नाही.

रसायनी_माणूस:
@शंकासुर मान्य, पण उलट टोकाचं उदाहरणही आहे की. कडू कसाव्यात (साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद) सायनाइड तयार होतं आणि त्याला निकामी करायला शरीराला गंधक लागतं, जे प्रोटीनमधून येतं. आफ्रिकेत दुष्काळात नुसता नीट न भिजवलेला कसावा खाऊन राहणाऱ्यांचे पाय कायमचे ताठरून अधू होतात, त्याला कोंझो म्हणतात. सोबत पुरेसं प्रोटीन मिळालं असतं तर बराच बचाव झाला असता. आर्सेनिकचंही तसंच, ते लघवीवाटे बाहेर टाकण्याआधी शरीर त्यावर जी प्रक्रिया करतं तिला फोलेटचा (एक ब-जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक अॅसिड म्हणून असतं) हातभार लागतो. बांगलादेशात फोलेट कमी असलेल्या लोकांना १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड दिलं तर रक्तातलं आर्सेनिक साधारण १४ टक्के उतरलं. १४ टक्के म्हणजे काही जादू नाही, पण नुसती आहारातली कमतरता भरून निघाल्यावर एवढा फरक पडला.

उंबरठा:
आणि जाऊबाईंच्या ज्यूसबद्दल कोणी बोललंच नाही. तीन दिवस उपाशी राहून ज्यूस म्हणजे पोट रिकामं, प्रोटीन नाही, कॅल्शियम नाही, लोह नाहीच्या बरोबर. वर जे जे नको म्हणून सांगितलं ते सगळं एका बाटलीत. शिवाय डीडीटीसारखी चरबीत साठणारी द्रव्यं झटपट वजन उतरवताना चरबीतून सुटून रक्तात येतात. त्यांना सांगा, आवडला, पितोय, आणि विषय बदला.

बाटलीतलं_पाणी:
हो, तसंच सांगते 😀 लेकीला आता आधी खाणं, मग पाणी, आणि लोहाबद्दल तिच्या डॉक्टरांना वेगळं विचारणार आहे. आता शेवटचं, माझ्याकडे लोहाबरोबर कॅल्शियमचीही गोळी आहे, गेले दहा दिवस दोन्ही सकाळी चहाबरोबर घेतेय, लक्षात राहतं म्हणून. चालेल ना?

रसायनी_माणूस:
नाही हो! कॅल्शियम शिशाला अडवतं तसं लोहालाही अडवतं, आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. म्हणजे दहा दिवसांतलं लोह बऱ्यापैकी वायाच गेलं. डॉक्टरांना एकदा फोन करून विचारून घ्या, पण साधारणपणे लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर तास-दोन तासांनी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर असं करतात. लिंबूपाण्याला नळाचं पाणी नको, हे आता सांगायला नको.

उंबरठा:
आणि शिशाची तपासणी लगेच पुढच्या आठवड्यात परत करू नका, रक्तातलं शिसं निम्मं व्हायलाच साधारण महिना लागतो. हाडातलं तर हळूहळू झिरपतच राहणार. पुढचा रिपोर्ट कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा, आणि आला की इथे टाका. नवऱ्याचाही.